मायनं कापणीच्या सणात कवडी कापूस अर्पण केला. चुकलं का?

पैनगंगाकाठ | रविवार, रात्री १०.१५

सर्वांना सलाम. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. आज झोप येणार नाही म्हणून लिहायला बसलो.

आज आमच्या मंडळीत कापणीचा सण झाला. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, आडवळणाचं. चर्च म्हणजे टिनाचं छप्पर आणि समोर एक कडुलिंब. सकाळपासून जो तो आपापलं घेऊन येत होता. वेदीपुढं ज्वारीची कणसं, कोहळे, सोयाबीनचे कट्टे, तुरीच्या हिरव्या शेंगांची टोपली, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. उपासनेनंतर लिलाव होतो, पैसे मंडळीच्या खात्यात जातात. तुमच्याकडेही असंच असेल.

माझी माय जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यात कापूस बांधून घेऊन गेली. तीन-चार किलो असेल. गाठोडं सोडलं तर कापूस पिवळट, मधे मधे तपकिरी डाग. कपाशी करणाऱ्यांना सांगायला नको, कवडी. परतीच्या पावसात बोंडं भिजली आणि जी राहिली त्यात गुलाबी बोंडअळी शिरली. दोन एकर कोरडवाहू, त्यातला दुसरा वेचा हा असा निघाला.

मंडळीतले एक वडीलजन, वयानं आणि मानानं मोठे. त्यांनी गाठोडं पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, मलाखीचा पहिला अध्याय वाचून घ्या. आंधळं-लंगडं जनावर देवाले चालत नाही." आणि गाठोडं उचलून दाराजवळच्या बाकावर ठेवलं. माय काही बोलली नाही. पदर सारखा केला आणि बायकांत जाऊन बसली.

मी मात्र बोललो, नको ते बोललो. थैली फिरत आली तेव्हा खिशातली पाचशेची नोट काढून सगळ्यांना दिसेल अशी टाकली आणि प्रभुभोजनाच्या आधीच मायला घेऊन बाहेर पडलो.

माझा प्रश्न एवढाच. ज्याच्या वावरात कवडीच पिकली त्यानं देवाला काय न्यावं? रिकाम्या हातानं जावं का? शास्त्र काय म्हणतं ते जाणत्यांनी सांगावं. मायची बाजू घ्या असं म्हणत नाही. चुकलं असेल तर तसं सांगा.

धामणगाव_लोकल | रविवार, रात्री १०.४०

वाचून गलबलून आलं. मायला माझा सलाम सांगा, भाऊ. शास्त्राचं जाणते सांगतील, पण बाईमाणसाला भरल्या सभेत असं बोलायला नको होतं.

खळ्यावरचा | रविवार, रात्री ११.२०

मीही आमच्या मंडळीच्या कमिटीत आहे, म्हणून त्या वडीलजनांची बाजू मांडतो. बोलण्याची रीत चुकली, ते मान्य. पण त्यांनी दाखवलेलं वचन खोटं नाही.

दरवर्षी कापणीच्या सणाला मी काय काय पाहतो ते सांगतो. किडलेली तूर, फुटका कोहळा, अंडी देणं बंद केलेली कोंबडी. घरी ज्याचं काही होत नाही ते देवाच्या दारात येतं, आणि आणणारा चांगला दहा-वीस एकराचा धनी असतो. लिलावात मग ते कोणीच घेत नाही. मलाखी संदेष्ट्यानं हेच विचारलं होतं, की असलं जनावर आपल्या अधिकाऱ्याला देऊन पाहा, तो खूश होईल का? आजही तहसीलदाराकडे कोणी किडकी तूर घेऊन जाईल का?

दुसरं, दावीद राजाची गोष्ट. २ शमुवेल २४. अरवना यबूसीच्या खळ्यावर वेदी बांधायची होती. अरवना म्हणाला, खळं घ्या, बैल घ्या, जाळायला मळणीची अवजारं आणि जू घ्या, सगळं फुकट. दावीद नाही म्हणाला. ज्याला मला काही मोजावं लागलं नाही ते मी माझ्या देवाला वाहणार नाही, असं म्हणून त्यानं चांदीचे ५० शेकेल मोजून दिले. ही गोष्ट वाचली की मला माझं खळं दिसतं. अर्पणाला किंमत पडली पाहिजे. जे फेकूनच द्यायचं होतं ते दिलं तर त्याला अर्पण कसं म्हणायचं?

तुमच्या मायबद्दल मी काही म्हणत नाही. पण नियम सैल केला तर सगळेच कवडी आणतील, ही भीती कमिटीवाल्याला असते.

जुना_बायबलवर्ग | सोमवार, सकाळी ६.५०

वर खळ्यावरचा यांनी मनापासून लिहिलं आहे, त्याला मनापासूनच उत्तर देतो. माझं लहानपण यवतमाळात गेलं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली, त्याआधीचं ते यवतमाळ. आमच्या घरी संध्याकाळी बायबल वर्ग भरायचा आणि वडिलांचा एक दंडक होता, की वचन काढलं की आधीची पाच आणि पुढची पाच वचनं वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मलाखीला तोच लावू.

पहिला अध्याय, ६वं वचन. देव कोणाशी बोलतोय? याजकांशी. अर्पण आणणाऱ्या गरिबाशी तिथं बोलणं सुरूच झालेलं नाही. जे वेदीपाशी उभे आहेत, ज्यांना वेदीची किंमत उरलेली नाही, त्यांना पहिला जाब आहे. आता १४वं वचन पाहा, बहुतेक जण तिथपर्यंत पोचत नाहीत. शाप कोणाला आहे? ज्याच्या कळपात चांगला नर आहे, ज्यानं तो वाहायचा नवस केला आहे, आणि तरी जो खोड असलेलं जनावर आणून बांधतो, त्या ठगाला. म्हणजे तीन गोष्टी जमाव्या लागतात. घरी चांगलं असणं, ते द्यायचा शब्द दिलेला असणं, आणि मग ते मागे ठेवून दुसरंच पुढं करणं. लंगडं जनावर हा पुरावा आहे, गुन्हा फसवणुकीचा आहे.

ज्याच्याकडे कळपच नाही त्याचं काय? त्याची सोय नियमशास्त्रातच करून ठेवली आहे. लेवीय ५. पापार्पणाला मेंढी किंवा शेळी. ती ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं. तेवढीही ऐपत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, आजच्या मापानं साधारण दोन लिटर. त्यावर तेलही घालायचं नाही, ऊदही ठेवायचा नाही. रक्ताशिवाय, नुसत्या पिठावर याजकानं त्याच्यासाठी प्रायश्चित्त करायचं आणि त्याची क्षमा व्हायची. पीठवाल्याची क्षमा मेंढीवाल्याहून कमी, असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही.

आणि होले कोणी वाहिले? लूक २:२४ काढा. येशूला चाळीस दिवसांनी मंदिरात आणलं तेव्हा मरीया-योसेफांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्याची पिलं, हे गरिबांचं अर्पण केलं. लेवीय १२ प्रमाणे कोकरू परवडत नसेल तरच ते चालतं. आपला प्रभू गरिबांच्या पावतीवर मंदिरात आला.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, ८:१२ मध्ये, याचा निकालच लावला आहे. मनाची उत्सुकता असेल तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही. तुमच्या मायजवळ जे होतं ते तिनं नेलं. मला यात लंगडं जनावर दिसत नाही.

सातबारा_उतारा | सोमवार, सकाळी ९.०५

गुरुजींचं पटलं. पण त्यांच्याच मोजपट्टीनं एक विचारावं लागेल, राग मानू नका. पैनगंगाकाठ भाऊ, कवडी दुसऱ्या वेच्याची, असं तुम्ही लिहिलंय. मग पहिला वेचा कसा होता? घरात चांगला कापूस होता का?

पैनगंगाकाठ | सोमवार, दुपारी १.३०

विचारलं ते बरं केलं. रविवारपासून हीच गोष्ट मलाही टोचते आहे आणि पहिल्या पोस्टमध्ये मी ती लिहिली नव्हती.

पहिला वेचा चांगला होता. तीन क्विंटल निघाला, पांढराशुभ्र. पण तो घरात आलाच नाही. कृषी केंद्राची बियाण्या-खताची उधारी होती आणि बाबांच्या दवाखान्याचे उसने पैसे होते. वावरातूनच गाडी भरली, काटा झाला, पैसे तिथल्या तिथं वाटले. मायनं त्यातलं मूठभरही काढून ठेवलं नाही. म्हणजे कळपात नर होता म्हणायचं का? आता मलाच कळत नाही.

खळ्यावरचा | सोमवार, दुपारी २.१०

तुम्ही खरं ते लिहिलं, त्याबद्दल आदर वाटतो. पण मग प्रथमफळाचं काय? अनुवाद २६ मध्ये पहिलं पीक टोपलीत घालून न्यायला सांगितलंय. नीतिसूत्रे ३:९ तेच सांगतं. आधी देवाचं, मग सावकाराचं. तीन क्विंटलमधून दोन किलो पांढरा कापूस निघाला नसता का? आमच्या आईनं दुष्काळाच्या वर्षीही दळायच्या आधी पिठाची मूठ काढून देवाच्या डब्यात टाकली. मूठ काढल्यानं कोणी उपाशी मरत नाही, असं ती म्हणायची. मी यातच वाढलोय, म्हणून हे सोडवत नाही.

सातबारा_उतारा | सोमवार, दुपारी २.४५

तो कापूस त्यांचा होता कुठं? उधारीवर पिकवलेलं पीक उधारी फिटेपर्यंत दुसऱ्याचं. दुसऱ्याच्या पैशातून देवाला दिलं तर ते कसलं अर्पण? रोमकरांस १३:८, कोणाच्या ऋणात राहू नका. स्तोत्र ३७:२१, दुर्जन उसनं घेतो आणि फेडत नाही. आणि मार्क ७ मधला कुर्बान आठवा. आईबापाला द्यायचं ते "कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलं" म्हणून मोकळं व्हायची पळवाट लोकांनी काढली होती. येशूनं ती उधळून लावली. बाबांच्या दवाखान्याचे पैसे थकवून या माउलीनं पांढरा कापूस वेदीवर नेला असता, तर तो पांढरा असूनही मला डागी वाटला असता.

खळ्यावरचा | सोमवार, दुपारी ३.००

कुर्बानचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. विचार करतो.

कणीक_आणि_खमीर | सोमवार, सायंकाळी ७.२५

सगळे विधवेच्या दमडीपाशी येतील असं वाटलं होतं, कोणी आलंच नाही. मग मीच येते. मी गावच्या शाळेत गणित शिकवते, म्हणून आधी हिशेब.

मार्क १२:४२. त्या गरीब विधवेनं मंदिराच्या दानपेटीत दोन लेप्टा टाकली. आपल्या मराठी शास्त्रात "दोन टोल्या म्हणजे एक दमडी" असं आहे. रोमन नाण्यांत दोन लेप्टा म्हणजे एक क्वाड्रन्स, आणि असे ६४ क्वाड्रन्स मिळून एक दिनार. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) मजुराची दिवसभराची रोजी एक दिनार ठरते. म्हणजे तिनं टाकली ती एका रोजीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढी रक्कम. निंदणाला जाणाऱ्या बाईची रोजी ३०० रुपये धरली तर ४ रुपये ६९ पैसे. आज एवढ्यात साधा चहा येत नाही.

आता तो देखावा डोळ्यांपुढं आणा. यहुद्यांच्या मिश्ना ग्रंथात म्हटलंय, की मंदिरात कर्ण्याच्या तोंडाच्या १३ दानपेट्या होत्या. श्रीमंत मूठ भरभरून टाकत होते. त्या तोंडातून एवढी नाणी जाताना केवढा खणखणाट होत असेल. त्यात दोन चिमुकल्या तांब्याच्या नाण्यांचा आवाज कोणाला ऐकू जाणार? येशू समोर बसून पाहत होता आणि त्यानं घरी काय उरलं ते मोजलं. बाकीच्यांनी भरलेल्या घरातून दिलं, हिच्या घरी काही उरलं नाही.

पण मला दरवेळी टोचतं ते पुढं आहे. जुना_बायबलवर्ग यांच्या वडिलांचा दंडक इथं लावून पाहा. लगेच आधीच्या वचनांत, १२:४० मध्ये, येशू शास्त्र्यांबद्दल काय म्हणतो? ते विधवांची घरं गिळतात. आणि लगेच पुढं, १३व्या अध्यायाच्या सुरुवातीला, शिष्य मंदिराचे मोठाले चिरे दाखवतात तेव्हा तो म्हणतो, यातला चिरा चिऱ्यावर राहणार नाही. ते मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं. विधवा या दोन्हींच्या मधोमध उभी आहे. मला तिथं कौतुकाबरोबर प्रभूचा हुंदकाही ऐकू येतो, की ज्या मंदिरानं हिला सांभाळायला हवं होतं त्यानं हिची शेवटची दमडीही घेतली.

म्हणून मला या धाग्यावर उलटा प्रश्न विचारावासा वाटतो. या भावाच्या वडिलांच्या दवाखान्याला उसने पैसे घ्यावे लागले तेव्हा मंडळीच्या खात्यात कापणीच्या लिलावाचे पैसे होते का? अनुवाद १४:२८-२९ मध्ये दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावच्या वेशीत साठवायचा होता, लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. पौल जी वर्गणी गोळा करत फिरत होता ती यरुशलेमातल्या गरीब पवित्र जनांसाठी होती. आणि ती नेताना त्यानं सोबत माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. प्रभूपुढंच नव्हे तर माणसांपुढंही चोख असावं, असं त्यानं लिहून ठेवलंय (२ करिंथ ८:२०-२१). गाठोडं तपासायला उभं राहणाऱ्यांनी दानपेटीचीही तेवढीच तपासणी करावी. देणाऱ्याचं मन खरं हवं, तसं घेणाऱ्याचंही हवं.

जुना_बायबलवर्ग | सोमवार, रात्री ८.१०

ताई, हुंदका हा शब्द तुम्ही वापरलात. इतकी वर्षं हा उतारा शिकवला, पण मी नुसती तिची स्तुती शिकवली. उद्या सकाळी पुन्हा वाचायला बसतो.

वर्धेचा_पाहुणा | सोमवार, रात्री ९.३०

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा सकाळपासून वाचतोय. आमच्या घरी पहिल्या वेच्याआधी वावरात सीतादही करतात. कपाशीच्या झाडापाशी दही-भाताचा नैवेद्य ठेवायचा, हात जोडायचे, मग वेचणी. आजी सांगायची की नैवेद्याचा भात उष्टा नको आणि मनात कोणाबद्दल अढी नको. त्यामुळे तुमचं बोलणं मला परकं वाटलं नाही.

एक जुनी शंका आहे. होस्टेलला असताना एका मित्राच्या बायबलमध्ये काईन आणि हाबेलची गोष्ट वाचली होती. शेतकऱ्याचं अर्पण देवानं नाकारलं आणि मेंढपाळाचं घेतलं. शेतकऱ्याच्या पोराला ते लागलं होतं. असं काहून?

जुना_बायबलवर्ग | सोमवार, रात्री १०.०५

पाहुणे, चांगला प्रश्न आणलात. शेतातलं होतं म्हणून नाकारलं, असं नक्कीच नाही. मूळ हिब्रूत दोघांच्याही अर्पणाला एकच शब्द आहे, मिनहा, आणि लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात धान्याच्या अर्पणाला नेमका तोच शब्द येतो. म्हणजे पिठाचं, कणसांचं अर्पण देवानं स्वतः मागून घेतलं आहे.

उत्पत्ती ४ मधली वाक्यं सावकाश वाचली तर फरक दिसतो. हाबेलानं कळपातले प्रथम जन्मलेले आणले, त्यांची चरबीही आणली. काईनानं जमिनीच्या उपजातलं काही आणलं. पहिलं, निवडक, असा शब्द त्याच्यापाशी नाही. आणखी एक, देवानं हाबेलाकडे आणि त्याच्या अर्पणाकडे पाहिलं असं म्हटलंय. आधी माणूस, मग त्याच्या हातातलं. इब्री लोकांस पत्रात ११:४ ला याचं कारण एका शब्दात दिलंय, विश्वासानं.

पण मला काईनाचं खरं दुखणं नंतर दिसतं. नाकारल्यावर त्याचं तोंड उतरलं. देव त्याच्याशी बोलला, अजून वेळ आहे, बरं केलंस तर तुझाही स्वीकार होईल, पाप दाराशी टपून बसलंय, असं समजावलं. म्हणजे दार बंद झालं नव्हतं. त्यानं देवाला उत्तरच दिलं नाही. भावाला घेऊन वावरात गेला आणि तिथं त्याचा जीव घेतला.

वर्धेचा_पाहुणा | सोमवार, रात्री १०.२०

पंधरा वर्षांनी उत्तर मिळालं. आभारी आहे गुरुजी.

मेळघाट_वाट | मंगळवार, सकाळी ७.४०

थोडं वेगळं, पण लिहितोच. अलीकडे काही फिरते प्रचारक मलाखी ३:१० दाखवून लोकांना सांगतात, इतकं टाका, देव आकाशकपाटं उघडून दसपट देईल. आमच्याकडे एकानं शेळी विकून पैसे दिले आणि वर्षभर वाट पाहिली. माझं कळकळीचं सांगणं आहे, देवाशी सौदा करू नका. त्या वचनात भांडारात अन्न असावं म्हणून दशमांश आणायला सांगितलंय, आणि लेव्यांना वतन म्हणून जमीन नव्हती, त्यांचं पोट त्यावर होतं. ते काही बियाणं-उत्पन्नाचं कोष्टक नाही.

ओवी_गाते | मंगळवार, दुपारी १२.१५

पैनगंगाकाठ दादा, सगळ्यांनी तुमच्या मायच्या गाठोड्याचं लिहिलं. मला तुमच्या पाचशेच्या नोटेबद्दल विचारायचंय. लहान बहीण समजून ऐका.

ती नोट तुम्ही कोणाला दिलीत? थैलीत पडली, पण देताना डोळ्यांपुढं देव होता की ते वडीलजन? तुम्हीच लिहिलंय, सगळ्यांना दिसेल अशी टाकली. मत्तय ६ मध्ये उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नको म्हटलंय, ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. हनन्या आणि सप्पीरा यांनी काही थोडंथोडकं दिलं नव्हतं, वावर विकून आणलं होतं. पेत्र म्हणाला, वावर तुमचं, पैसेही तुमचेच होते, ठेवायचे होते. त्यांचं चुकलं ते काही पैसे मागे ठेवून सगळे दिल्याचं नाटक केलं म्हणून.

मी तुम्हाला त्यांच्या रांगेत बसवत नाही. अपमान मायचा झाला होता, रक्त उसळणारच. पण रविवारी दोन अर्पणं झाली, एक डागी कापूस आणि एक कोरी नोट, आणि तुम्ही विचारताय की कापूस लंगडा होता का. मत्तय ५:२३-२४ एकदा काढा. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेवून आधी जाऊन समेट कर. त्या वडीलजनांच्या मनात आता तुमच्याविरुद्ध काही आहे, हो ना?

धामणगाव_लोकल | मंगळवार, दुपारी १.००

ताई, इतकं कठोर नको. चूक त्यांची होती, यांनी का जावं?

ओवी_गाते | मंगळवार, दुपारी १.२०

वचनात चूक कोणाची ते विचारलेलं नाही दादा. मलाही ते जड जातं. माझ्या जावेशी मी वर्षभर बोलत नव्हते आणि दर रविवारी थैलीत पैसे टाकत होते, त्या अनुभवानं लिहिलं.

पैनगंगाकाठ | गुरुवार, रात्री ९.५०

दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. ओवीताईंचं वाचून आधी राग आला. मग फोन ठेवून दिला.

मंगळवारी रात्री मायजवळ बसलो. ती चुलीपाशी होती. तिला वाचता येत नाही, तिनं मलाखी मोबाइलवर लावून ऐकला होता, रविवारीच, घरी आल्या आल्या. मी विचारलं, "माय, तुले नव्हतं वाटत का, हा कापूस कसा नेवाव म्हणून?" तिनं हात पुढं केला. कपाशी वेचणाऱ्यांच्या बोटांना बोंडाच्या वाळक्या टोकांचे ओरखडे असतातच, ते मी जन्मापासून पाहतोय. पण तिच्या नखांच्या कडा उललेल्या होत्या, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. कवडीची पाकळी सुकून दगडासारखी होते, रुई आतच चिकटते. ती आठ रात्री दिव्यापाशी बसून एकेक पाकळी नखानं फोडत होती आणि त्यातली बरी रुई वेगळी काढत होती. अख्ख्या ढिगातून ती तीन-चार किलो निघाली. मी शेजारच्या खोलीत झोपलो होतो, मला वाटलं माय उशिरापर्यंत प्रार्थना करते.

"होतं त्यातलं बरं निवडलं म्या," एवढंच म्हणाली. "पांढरा लोकायचा होता, तो लोकायले देल्ला. हा आपला होता."

खळ्यावरचा भाऊ, तुम्ही लिहिलं होतं की अर्पणाला किंमत पडली पाहिजे. हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

मग मी तिला नोटेचं सांगितलं. तिनं ती टाकताना पाहिलीच होती. म्हणाली, "पहिले त्यायच्या घरी जाय. वय झालं त्यायचं. तू त्यायले जे बोलला ते म्या ऐकलं."

काल संध्याकाळी गेलो. ते ओसरीत बसले होते. मी म्हटलं, काकाजी, माझं बोलणं चुकलं, माफी मागायला आलो. बराच वेळ ते बोललेच नाहीत. काकूंनी चहा आणून ठेवला. मग म्हणाले, "तुह्या मायले मी तिच्या लग्नापासून ओयखतो. मलेही झोप नाही लागली." मलाखीबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही, सूट दिली की लोक सोकावतात असंच त्यांना वाटतं, आणि मी चौदावं वचन वाचून दाखवलं तेव्हा शास्त्र उघडून त्यांनी ते स्वतः दोनदा वाचलं, बोलले काही नाही. मायच्या बोटांचं मी त्यांना सांगितलं नाही. तिनंच नको म्हटलं होतं.

निघताना विचारलं, गाठोडं कुठंय? बाकावरच आहे, कोणी हात लावला नाही, चर्चची किल्ली माझ्याकडेच असते, रविवारी लवकर ये, असं म्हणाले.

कणीकताईंनी खात्याचा प्रश्न काढला तोही मी विचारणार आहे, पण वर्षाच्या हिशेबाच्या सभेत, सगळ्यांसमोर आणि रागावाचून. पाचशेच्या नोटेचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. ती परत मागता येत नाही.

मायला सांगितलं, रविवारी गाठोडं पुन्हा वेदीपुढं ठेवू. ती म्हणाली, ठेव, पण लिलाव झाला की लुगड्याचा तुकडा तेवढा मागून आणजो, तूर निघाली की शेंगा न्याले लागते.